केवळबाईनं न दिलेलं पाणी

"शुं पीधुं?" डॉक्टरनं गुजरातीत तिसऱ्यांदा विचारलं.

"फुलाचं पाणी," मी म्हणाले. आधी दोनदा हेच सांगितलं होतं.

"कयुं फूल?"

माझी सून कविता समोर खाटेवर पडली होती. ओकून ओकून तिच्या पोटात काही उरलं नव्हतं. छातीला वायरी लावल्या होत्या आणि बाजूच्या यंत्रावर तिचं काळीज कसं चाललंय ते दिसत होतं. दोन ठोके पडायचे, मग थांबायचं, मग एकदम चार पडायचे. डॉक्टर हिंदीत म्हणाला, "माजी, फूल का नाम बताओ. नाम मालूम पड़ेगा तो उसका इलाज करूँगा."

मला नाव माहीत होतं. फुलं मी आणली होती. उकळली मी, गाळली मी, पेला तिच्या हातात दिला मी. माझा मुलगा भटू माझ्या शेजारी उभा होता. मी खाली बघत राहिले. फरशी पांढरी होती आणि तिच्यावर काळे ठिपके होते.

तेव्हा समोरच्या घरातली केवळबाई मागून पुढं आली. तिनं पदराची गाठ सोडली, आतला पिवळा चोथा डॉक्टरच्या टेबलावर ठेवला आणि गुजरातीत म्हणाली, "पीळी करेण. में आप्युं."

पिवळी कण्हेर. मी दिलं.

डॉक्टर नर्सला हाका मारत आत पळाला. भटूनं केवळबाईचा दंड धरला आणि तिला ओढत बाहेर नेलं. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. चुलीवर दूध उतू जातंय का ते बघतात, तसं तिनं बघितलं आणि गेली.

केवळबाईनं काही दिलं नव्हतं. ती काय देत होती आणि काय देत नव्हती, ते आता सांगते.

सुरतेच्या गोडादऱ्यातली आमची गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरात फोडणी पडली की खोकला आम्हाला यायचा. केवळबाईचा ओटा माझ्या दारापासून चार पावलांवर होता. ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातली. नवरा उधन्याच्या मिलमध्ये होता, तो लवकर वारला. मूलबाळ नाही. नवागामला बहिणीची मुलगी होती, तेवढंच तिचं माणूस. उंच, वाळकी बाई, पुढचा एक दात पडलेला. गळ्यात सुतळीला बांधलेली छोटी कातर असायची. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे आमच्याकडं येतात, मागचे लोंबते धागे कापून परत द्यायचे असतात. गल्लीतल्या सगळ्याच बाया ते काम करायच्या. पण कातर गळ्यात घालून भाजीला जाणारी ती एकटीच.

नेसायची ती छपाईत फसलेल्या साड्या. एकदा तिच्या साडीवर मोर होता, पण धड निऱ्यांवर आणि मुंडकं पाठीवर. मी हसले. ती म्हणाली, "मोरले मान नही ते नही, नाची ते ऱ्हायना ना?"

ती अहिराणीत बोलायची, मी इथं बरंचसं मराठीत सांगतेय. दुकानदाराशी गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी, पण घरच्या माणसाशी अहिराणी. आणि गल्लीतलं कुत्रंसुद्धा तिला घरचं होतं.

तिच्या ओट्यावर रंगाचे रिकामे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, एक फुटकी बादली, आणि सगळ्यात झाडं. तुळस, ओवा, गवती चहा, अडुळसा, सदाफुली, गुलबाक्षी. खिडकीच्या गजांवर चढलेली जुई. झाडांना ती शिव्या द्यायची. "खातंस-पितंस आणि फुलायला मरतंस," असं गुलाबाला म्हणताना मी ऐकलंय. पण फूल कधी तोडायची नाही. झाडानं सोडलेलं, पहाटे खाली पडलेलं फूल उचलायची. काशाच्या वाटीत पाणी, पाण्यात ते फूल, आणि वाटी कोवळ्या उन्हात ओट्याच्या कडेला. ऊन चढलं की फूल काढायचं आणि पाणी औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरायचं. त्यातले सात थेंब पेलाभर पाण्यात घालून द्यायचे, ते कशासाठी? तर उदास वाटतं, भीती वाटते, राग आवरत नाही, घरची आठवण येते, यासाठी.

हे ती शिकली कुठं? अर्धं आईकडून. अर्धं एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईकडून. त्या बाईंच्या घरी केवळबाईनं बारा वर्षं स्वयंपाक केला. बाईंकडं परदेशी फुलांच्या अर्काच्या लहान लहान बाटल्या होत्या. ही भीतीची, ही ज्याला नाही म्हणता येत नाही त्याची, ही ज्याचं मन मागंच अडकलंय त्याची. बाई तिला वाचून दाखवायच्या. केवळबाई म्हणायची, "ती फुलं मी जन्मात पाहिली नाहीत. तिकडच्या रडण्याला तिकडची फुलं. आपल्या रडण्याला आपली नकोत का?"

मला हे सगळं थोतांड वाटायचं. मी तोंडावर म्हणाले होते, "केवळबाई, त्या पाण्यात असतं काय गं?"

"पानीमा काय ऱ्हास? पानीच ऱ्हास," ती म्हणाली. आणि वर म्हणाली, "पण सात थेंब मोजायला कोणीतरी तुझ्याजवळ येऊन बसतं ना?"

तिचे नियम पक्के होते. ताप, जुलाब, छातीत दुखणं, पोटुशी बाई, यांना ती हात लावायची नाही. "ताप मना नही. ताप डॉक्टरना," म्हणजे माझा नाही, डॉक्टरचा, असं म्हणून हाकलून द्यायची, आणि दवाखान्यापर्यंत सोबत जायची. दुसरा नियम, चोरून कोणाला काही द्यायचं नाही. तिसरा नियम, प्रत्येक वेळी त्याच पाण्याचा एक घोट आधी स्वतः प्यायचा, समोरच्या माणसाच्या देखत, मग त्याला द्यायचं. हा तिसरा नियम गल्लीतल्या पोराबाळांनाही पाठ होता. ते खेळातसुद्धा तसंच करायचे.

कुठं दुखतं असं ती कधी विचारायची नाही. तिचा प्रश्न एकच, "कोणता टाइमले दुखस?" कोणत्या वेळी दुखतं? माणसं आधी गोंधळायची. मग विचार करायची. मग सांगता सांगता रडायची. सकाळी दुखणाऱ्याला सकाळी उमलणारं फूल, तिन्हीसांजेला दुखणाऱ्याला तिन्हीसांजेचं. एवढंच तिचं शास्त्र.

गल्लीच्या टोकाला विठ्ठल म्हणून लूम चालवणारा होता. बारा तास खटखट ऐकून घरी यायचा तरी कानात खटखट चालूच. बायको बोलली तरी ओरडायचा. केवळबाईनं त्याला एका सुट्टीच्या दिवशी दुपारी चारला गुलबाक्षीच्या डब्यासमोर बसवलं. "फूल उमलताना बघ. पापणी लवू नको."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "मावशी, हे तर काहीच करत नाही."

"तू पण काही करू नको."

तो तसाच भिंतीला टेकून झोपला. तोंड उघडं. पोरांनी त्याच्या तोंडात गुलबाक्षीचं फूल खोचलं. उठला तेव्हा दिवे लागले होते. पुढं दर सुट्टीला येऊन झोपायचा. थेंब त्यानं कधी घेतलेच नाहीत.

रेखा म्हणून एक होती, तिचा नवरा प्यायचा. ती आली, "मावशी, दारू सुटायचं फूल द्या. मी त्याच्या भाजीत गुपचूप टाकते."

"गुपचूप मी देत नाही. ज्याला प्यायचंय त्यानं माहीत असून प्यायचं. तू तुझं सांग. कोणत्या वेळी दुखतं?"

"तो घरी यायच्या वेळी."

केवळबाईनं जरा विचार केला. "मग त्या वेळी इथं ये. कुलूप लावून ये, किल्ली कमरेला खोच."

आता नवऱ्याला घरात जायचं तर ओट्यावर बसलेल्या आठ बायांसमोर येऊन किल्ली मागावी लागायची. आठही बाया कातरी थांबवून त्याच्याकडं बघायच्या. दारू सुटली नाही. मारणं मात्र सुटलं. रेखा म्हणायची, तुळशीच्या थेंबांनी सुटलं. केवळबाई म्हणायची, "हो माय, थेंबांनीच."

वर्षभर तिचं काही ना काही चालू. होळीला ती केसुड्याची फुलं आणायची. आपण पळस म्हणतो, सुरतेत केसुडा म्हणतात. पिंपात रात्रभर भिजवून त्या पाण्यानं गल्लीतल्या सगळ्या पोरांना आंघोळ घालायची, उन्हाळा बाधू नये म्हणून. माझी पायरी केशरी व्हायची आणि मी भांडायचे. चैत्रात कडुनिंबाचा मोहर घरोघर. पावसाळ्यात अडुळसा, गवती चहा. दिवाळीआधीच्या उन्हात गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर. कोणी आलं की म्हणायची, "ऋतू बदलला की माणूस पण बदलतं. तो दोष त्याचा नाही."

माझा नवरा गेला तेव्हा तिनं माझ्या उंबऱ्यावर एक बाटली ठेवली. प्राजक्ताची. मी ती रोज तुळशीत ओतत होते. महिन्यानं ती आली, माझ्याकडं बघितलं, तुळशीकडं बघितलं.

"तुळस छान झाली वं इंदू," म्हणाली आणि गेली.

ती अशी होती. आता माझं सांगते.

भटूचं लग्न झालं आणि कविता पारोळ्याकडच्या खेड्यातून आमच्या खोलीत आली. शेतात वाढलेली मुलगी. इथं पुढं गल्ली, मागं लूमचा कारखाना, खिडकीतून दिसते ती दुसऱ्याची भिंत. तरी पहिलं वर्ष बरं गेलं. उन्हाळ्यात तिला मुलगी झाली. दीडेक महिन्यात तिचं दूध आटलं, आणि बोलणंही आटलं. नात बाटलीवर वाढत होती. कविता तिला घ्यायची, पाजायची, ठेवायची, सगळं नीट, पण यंत्रासारखं. दुपारी चार वाजले की भिंतीकडं तोंड करून रडायची.

मी काय केलं? मी बोलले. मला तेच येतं. "मला चार झाली, मी दहाव्या दिवशी भाकरी थापत होते." "मुलगी झाली म्हणून रडतेस का? आम्ही तर काही बोललो नाही." "शेजारणी काय म्हणतील?" मी तिच्या भल्यासाठी बोलते असं मला वाटायचं.

केवळबाईनं ते समोरून ऐकलं. एके दिवशी चार वाजता आली, नातीला काखेत घेतलं, कविताचा हात धरला आणि तिला ओट्यावर नेलं. विचारायचं ते विचारलं. कविता म्हणाली, "चारला. त्या टायमाला आई शेतातून यायची. मी भांडी घासत असायची. लांबून दिसायची ती."

त्या दिवसापासून रोज चारला कविता समोरच्या ओट्यावर. जुईच्या कळ्या तेव्हा फुगायला लागतात, दिवेलागणीला उमलतात. दोघी तिथं धागे कापत बसायच्या. केवळबाई जुईच्या पाण्याचा घोट प्यायची, मग कविताला सात थेंब मोजून द्यायची. कविताला मोठ्यानं मोजायला लावायची. पंधरा दिवसांनी मी तिला सातच्या पुढं आठ म्हणताना आणि स्वतःशी हसताना ऐकलं.

केवळबाईनं मला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, "हे माझ्या एकटीचं काम नाही. बाळंतिणीच्या अशा दुखण्याचे डॉक्टर असतात. सरकारी दवाखान्यात विचार. मी बरोबर येते."

मी म्हणाले, "माझी सून वेडी नाही."

दुसरी, "तिला फुलापेक्षा तुझ्या जिभेला सुट्टी पाहिजे. महिनाभर बोलू नको, इंदू. बघ काय होतं."

ते मला लागलं. माझी सून, माझं घर, आणि ही मला शिकवणार. वर कविता तिला मावशी मावशी करत होती आणि माझ्या हातचा चहा अर्धा ठेवत होती.

तेवढ्यात कविताच्या भावाचा, प्रदीपचा फोन आला. राखीला येतो, म्हणाला, आणि ताईची तब्येत बघतो. बरी नसेल तर तिला आणि बाळाला घेऊन जाईन, आणि ती बरी होईपर्यंत पाठवणार नाही. भटू हादरला. मीही हादरले. गेलेली सून परत येत नाही, हे मी गल्लीत दोनदा बघितलं होतं. राखीला दहा दिवस उरले होते, आणि केवळबाई म्हणत होती, घाई करू नका.

श्रावणातला पहिला सोमवार होता. मी महादेवाला गेले. पिंडीवर पिवळ्या कण्हेरीचा ढीग होता. आमच्याकडं महादेवाला तीच वाहतात. पुजाऱ्यानं बाजूला काढलेल्या फुलांतली ओंजळभर मी घेतली. मनात म्हटलं, केवळबाईचं फूल जमिनीवर पडलेलं, माझं तर देवाच्या डोक्यावरून उतरलेलं. तिचे सात थेंब, मी पेला भरून देईन. देवावरचं फूल कोणाचं वाईट करेल, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. लहानपणी आई म्हणायची, कण्हेरीचं फळ तोंडात घालू नका. पण फळ, असं ती म्हणायची. फुलाचं कोणी काही बोललं नव्हतं.

मी फुलं उकळली. चहाच्या गाळणीनं गाळली. चव घेतली नाही. आणि कविताला म्हणाले, "केवळमावशीनं दिलंय. आज सगळं प्यायचं म्हणाली."

माझ्या नावानं ती प्यायली नसती, म्हणून मी तिचं नाव घेतलं.

कविता म्हणाली, "खूप कडू आहे."

"औषध कडूच असतं. पी."

ती प्यायली. ती आज्ञाधारक मुलगी होती.

तासाभरात ओकाऱ्या सुरू झाल्या. मग तिला समोरचं पिवळं दिसायला लागलं. मी ओरडले तेव्हा पहिली धावत आली ती केवळबाई. कविता तिला म्हणाली, "मावशी, हे काय दिलंत?" केवळबाईनं माझ्याकडं बघितलं. मग ती मोरीत गेली. गाळणी तिथं तशीच उपडी पडली होती. तिनं चोथा बोटानं उचलला, वास घेतला, पदरात बांधला. रिक्षात कविताचं डोकं तिच्या मांडीवर होतं. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते.

मी दवाखान्यात नाव सांगेन याची तिनं वाट बघितली असणार. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत थांबली. मग तिनं ओळखलं की मी सांगणार नाही, आणि वेळ नव्हता.

त्यानंतर चार दिवस कविता आतच होती. डॉक्टर म्हणाला, नाव वेळेवर कळलं म्हणून जमलं. पोलीस आले. केवळबाईनं जबाब दिला, चुकून झालं, फूल ओळखलं नाही. फूल ओळखलं नाही! तिनं! आमच्यातल्या कोणालाही हसू आलं नाही. प्रदीप आला आणि त्यानं तिचे डबे एकेक करून लाथेनं उडवले. ओव्याचा, सदाफुलीचा, फुटकी बादली. जुई गजांवरून ओढून काढली. गल्ली उभी होती. रेखा होती, विठ्ठल होता. केवळबाई आधी स्वतः पिते हे त्या सगळ्यांना माहीत होतं. मग ती धडधाकट कशी, हे एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं. मी पुढं होऊन म्हणाले, "मी तर आधीपासून सांगत होते, असलं काही घेऊ नका."

असं मी बोलले. कोणी मला बोलायला लावलं नव्हतं.

ती खाली वाकून काशाची वाटी शोधत होती. सापडली, एका बाजूला चेपली होती. तिनं ती पदराला पुसली आणि घरात गेली. आठवड्यानं नवागामला बहिणीच्या मुलीकडं राहायला गेली. जाताना कातर गळ्यात होती.

प्रदीपनं कविताला नेलं नाही. दोष बाहेरच्या बाईचा निघाला, घरचा नाही. मला जे पाहिजे होतं ते सगळं मला मिळालं. डॉक्टरनं कविताला तिथल्याच एका मनाच्या डॉक्टरबाईंकडं पाठवलं. केवळबाईनं आधी सांगितलं होतं तिथंच. त्यांच्या गोळ्यांनी आणि बोलण्यानं ती सहा-आठ महिन्यांत सावरली. मीही बोलणं कमी केलं. फक्त केवळबाईचं नाव निघालं की कविता तोंड फिरवायची. म्हणायची, "मी तिला आईसारखं मानलं होतं." आणि मी भाजी निवडत राहायचे.

सहा वर्षं अशी गेली. नात शाळेत जायला लागली, माझ्याशी गुजरातीत भांडायला लागली. मागच्या चैत्रात कळलं की केवळबाई आजारी आहे. मी कोणाला न सांगता नवागामला गेले.

ती दारात पोत्यावर बसली होती. आणखी वाळली होती. समोर एकच डबा, त्यात सदाफुली. मांडीवर साडी होती आणि हात धागे शोधत होते, पण डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. आवाजावरून तिनं मला ओळखलं.

"इंदू का? ये. बस."

मी बसले. तिनं पहिलं विचारलं, "कविता नांदस ना?"

"हो."

"पोरगी?"

"पहिलीत आहे. फार बोलते."

"बोलू दे."

मी म्हणाले, "केवळबाई, मी घरी सांगते. सगळ्यांना. आजच सांगते."

तिनं मांडीवरची साडी सारखी केली. मग म्हणाली, "तुझ्या मनात आलं तर सांग. पण मला विचारून सांगू नको. मी हो म्हटलं की तुला हलकं वाटेल. आता मी कोणाला हलकं करायचं औषध देत नाही."

मी उठले. ती म्हणाली, "थांब. कोणता टाइमले दुखस?"

मी म्हणाले, "सकाळी. चहा गाळताना."

तिनं मान हलवली. सदाफुलीच्या डब्याकडं हात नेला, मातीवरून फिरवला. खाली पडलेलं फूल नव्हतं. झाडावर सात-आठ होती. तिनं हात मागं घेतला. "आज नही," म्हणाली आणि साडीवरचे धागे चाचपायला लागली. मी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन मागं बघितलं. तिनं एक धागा पकडला होता आणि कातर त्याच्यापर्यंत नेत होती. ते माझं तिला शेवटचं बघणं.

त्या दिवशीही मी घरी सांगितलं नाही. ती आषाढात गेली. निरोप आला तेव्हा कविता म्हणाली, "मी नाही येणार." तेव्हा मी तिला एकटीला सांगितलं. पिंडीवरची फुलं, गाळणी, पेला, तिचं घेतलेलं नाव, दवाखान्यातली फरशी, सगळं. आता सांगून केवळबाईला त्याचा काही उपयोग नव्हता, तेव्हा सांगितलं.

कविता रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, "मावशी आधी स्वतः प्यायची. त्या दिवशी माझ्यासमोर कोणीच प्यायलं नव्हतं. एवढं मला आठवू नये?" मग उठली, चपला घातल्या आणि एकटी नवागामला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर चहा तिनं केला होता. गाळणी धुऊन ठेवली होती. माझा पेला तिनं उचलला, माझ्या देखत त्यातला एक घोट प्यायली, आणि मग पेला माझ्यापुढं सरकवला. तेव्हापासून रोज तसंच करते. भटूला वाटतं, सासूवर माया आहे.

त्या सोमवारातून कविता वाचली. केवळबाई त्यानंतर सहा वर्षं जगली. मी अजून आहे.